आईचं १४ वर्षांचं अडेनियम, कुंडी तडकली आहे. आत्ता बदलू की मृगापर्यंत थांबू?

गिरणाथडी, जळगाव | ९ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी.

आईने १४ वर्षांपूर्वी भडगावला दारावर आलेल्या रोपवाल्याकडून वीतभर उंचीचं अडेनियम घेतलं होतं. साधं, एकेरी गुलाबी फुलांचं, कलम नसलेलं. तेव्हापासून ते एकाच सिमेंटच्या कुंडीत आहे. आता त्याचा गड्डा, म्हणजे बुंध्याचा फुगीर भाग, माझ्या दोन्ही ओंजळींत मावत नाही. दिवाळीनंतर आईचे गुडघे तिला गच्चीचा जिना चढू देईनात, म्हणून झाड मी इकडे माझ्या गच्चीवर आणलं. कुंडीला तडा आधीपासूनच होता. आता तो काठापासून बुडापर्यंत गेलाय आणि फटीतून बोटाएवढं जाड मूळ बाहेर डोकावतंय.

माती शेतातली, काळी, वरून दगडासारखी घट्ट. पाणी घातलं की कडेकडेने खाली पळतं आणि बशीत जमा होतं. डिसेंबरात सगळी पानं गळाली, फांद्या अजून बोडक्याच आहेत. आईचा रोज फोन असतो, "पालवी फुटनी का वं?"

घरातले सगळे म्हणतात झाडं मृगात हलवावीत, तोवर कुंडीला तार बांधून ठेव. मला हे झाड गमवायचं नाही. काय करू?

केळीबाग, रावेर | ९ फेब्रुवारी

ताई, मोठी कुंडी घ्या, शेताची काळी माती आणि निम्मं शेणखत भरा. आपल्या मातीत काय येत नाही? केळी, कापूस, हरभरा सगळं येतं. तारेबिरेच्या भानगडीत पडू नका, कुंडी फोडून सरळ नवीन कुंडीत लावा.

पांझराकाठ, धुळे | १० फेब्रुवारी

केळीबाग दादा, मातीच्या बाबतीत तुमच्याशी सहमत नाही. शेतातली काळी माती आणि कुंडीतली काळी माती यांत फार फरक पडतो. आपली माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. वावरात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. कुंडीत हाच प्रकार कडेने होतो. मातीचा गोळा आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटतो, पाणी त्या फटीतून खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. ताई म्हणतात ना, पाणी बशीत पळतं, ते हेच. उलट पावसाच्या झडीत हाच गोळा एकदा भिजला की आठ-आठ दिवस वाळत नाही. अडेनियमची मुळं त्या चिखलात गुदमरून कुजतात.

हे झाड मूळचं सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं, पूर्व आफ्रिकेतलं आणि अरबस्तानातलं. आपला ४५ अंशांचा मे महिना त्याला मारत नाही. आपल्याकडे अडेनियम मरतं ते ऑगस्टमध्ये. गेल्या १२ वर्षांत माझी ७ झाडं गेली, एकही उन्हाने गेलं नाही.

ताई, आधी एक करा. गड्ड्याला सगळीकडून अंगठ्याने दाबून बघा, बटाटा दाबतो तसं. आणि इथे येऊन सांगा.

सातपुडा_पायथा, शहादा | १० फेब्रुवारी

पांझराकाठ आबांनी सांगितलंय ते आधी कराच. दाबताना हा फरक लक्षात ठेवा. तहानलेलं झाड सगळीकडून सारखंच थोडं मऊ लागतं, सालीवर बारीक सुरकुत्या येतात, मातीत पाणी नीट मुरलं की दोन-चार दिवसांत परत टणक होतं. कुजलेलं झाड एकाच जागी मऊ लागतं, अंगठा आत जातो, साल काळपट तपकिरी दिसते, वास येतो.

टणक असेल तर घाई नको. रात्री अजून गार आहेत, झाड झोपलेलं आहे. फांदीच्या शेंड्याला हिरवे टिपके दिसले की समजा जागं झालं. आमच्याकडे होळीच्या आसपास दिसतात.

जास्वंदी_पुणे | १० फेब्रुवारी

मी मूळची अमळनेरची, आता पुण्यात. माझं अडेनियम मी जूनमध्ये बदललं होतं आणि ते छान जगलं, तेव्हा मृगात चालेल असं मला वाटतं. बाल्कनीत आहे, वर छत आहे.

पांझराकाठ, धुळे | १० फेब्रुवारी

जास्वंदी, तुझं झाड छताखाली आहे म्हणून वाचलं. गुलाब, मोगरा, जास्वंद मृगात हलवावीत हे खरंच आहे. या झाडाचं मात्र उलट आहे. मुळं दुखावल्यावर जखमा कोरड्या व्हायला आठवडाभर तरी लागतो आणि जूनमध्ये हवेला ओल असते, कोरडं काही होत नाही. नंतर लगेच पाऊस. म्हणजे ओल्या जखमेवर ओली माती. होळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) हा याचा खरा काळ. पुढे सगळा उन्हाळा त्याला मुळं फोडायला मिळतो आणि पाऊस येईपर्यंत ते घट्ट बसलेलं असतं.

गिरणाथडी, जळगाव | ११ फेब्रुवारी

दाबून पाहिलं. तीन बाजूंनी दगडासारखा टणक आहे. पण भिंतीकडची बाजू, मातीला जिथे गड्डा टेकतो तिथे, रुपयाच्या नाण्याएवढी जागा मऊ लागली. अंगठा थोडा आत गेला, तपकिरी पाणी आलं. कुबट वास येतोय. मला रडूच आलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

सातपुडा_पायथा, शहादा | ११ फेब्रुवारी

ताई, आता होळीची वाट बघायची नाही. उद्याच काढा. नाण्याएवढं आहे म्हणजे वेळेत लक्षात आलं. मी याहून मोठी जखम झालेलं झाड वाचवलं आहे.

काढण्याआधी तीन दिवस पाणी बंद असावं लागतं, पण तुमचं तसंही फारसं जात नाहीये. कुंडी तडकलेलीच आहे, हातोडीने हलके टोले देऊन फोडा, झाड ओढू नका. माती पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. मग सुरी. सुरी स्पिरिटने पुसून घ्या, प्रत्येक कापानंतर परत पुसा, नाहीतर कुज स्वतःच्या हाताने निरोगी भागात नेऊन ठेवाल. कापत राहा, जोवर कापलेली जागा पांढरी, स्वच्छ, चीक सुटणारी दिसत नाही तोवर. तपकिरी ठिपका एक जरी राहिला तरी तो परत पसरतो. इथे मायेने हात आखडू नका.

रेल्वेक्वार्टर, भुसावळ | ११ फेब्रुवारी

हातमोजे घालाच ताई. हे कण्हेरीच्या कुळातलं झाड आहे, चाफा आणि सदाफुलीही त्याच कुळातली. पांढरा चीक विषारी असतो, हृदयावर परिणाम करतो. आफ्रिकेत शिकारी लोक बाणांना लावायचे. डोळ्यात जाऊ देऊ नका, काम झालं की साबणाने हात धुवा, कापलेले तुकडे शेळ्या-गुरं जातात तिथे टाकू नका. घरात लहान मूल असेल तर त्या दिवशी गच्चीचं दार लावून घ्या.

गिरणाथडी, जळगाव | १२ फेब्रुवारी

झालं. सकाळी सातला बसले, साडेदहाला उठले.

कुंडी चार टोल्यांत उघडली. आत माती नव्हतीच म्हणायची, मुळांचा कुंडीच्या आकाराचा एक साचा होता. बाहेरून मुळं गोल गोल फिरलेली, आणि मधोमध नारळाएवढा काळ्या मातीचा ढेकूळ, तो चक्क ओला. शेवटचं पाणी घालून नऊ दिवस झाले होते! वरून कोरडी, कडेने कोरडी आणि पोटात ओली. कुज बरोबर त्या ओल्या ढेकळाला टेकलेल्या बाजूनेच वर चढली होती.

नाण्याएवढी दिसणारी जागा आत लिंबाएवढी निघाली. चार वेळा कापलं, चार वेळा सुरी पुसली. चौथ्या कापाला पांढरं दिसलं आणि चिकाचे थेंब आले, तेव्हा कुठे जिवात जीव आला. दोन जाड मुळं पूर्ण गेली. उरलेली चार चांगली आहेत. कुंडीभोवती फिरलेली सुतळीसारखी बारीक मुळंही कापली.

आता काय लावू आणि किती दिवस ठेवू?

सातपुडा_पायथा, शहादा | १२ फेब्रुवारी

शाब्बास. जखमांवर कार्बेन्डाझिम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची पूड पाण्यात दाट कालवून लावा. घरात नसेल तर सुकी हळद दाबून भरा, लहान जखमांना मी हळदच वापरते. मग झाड सावलीत, वारा लागेल अशा जागी, मुळं उघडी ठेवून आठ-दहा दिवस. मातीबाहेर एवढे दिवस कसं राहील म्हणून जीव घाबरतो, पण पाण्याची साठवण त्याच्या गड्ड्यात आहे. काही होत नाही. जखम बोटाला कोरडी आणि खरखरीत लागली की लावायचं.

केळीबाग, रावेर | १२ फेब्रुवारी

ताई, ते ओलं ढेकूळ वाचून मी माझ्या दोन कुंड्या उकरून पाहिल्या. एकीत तुमच्यासारखंच निघालं. आबा, काळ्या मातीचं तुमचं म्हणणं पटलं. मग भरायचं काय ते नीट सांगा, मलाही बदलायच्या आहेत.

पांझराकाठ, धुळे | १३ फेब्रुवारी

दादा, तुमच्यासारख्याने उकरून पाहिलं याचा आनंद वाटला.

माझं मिश्रण असं. नदीची भरड वाळू दोन वाटे, विटांचे तुकडे दोन वाटे, नदीकाठचा पोयटा (गाळाची माती) एक वाटा, दोन वर्षं जुनं शेणखत किंवा गांडूळखत एक वाटा. दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. काळी माती अजिबात नाही.

यात खरं काम चाळणीचं आहे. वीट फोडली की निम्मी पूड होते. ती पूड आणि वाळूतली माती तशीच भरली तर पहिल्या दोन पाण्यांत खाली बसून भोक बुजवते आणि सगळी मेहनत वाया. रव्याच्या चाळणीने पूड काढून टाका, तुकडे हरभऱ्यापासून शेंगदाण्याएवढे ठेवा. मग वाळू दोन पाण्याने धुवा. मिश्रण मुठीत दाबून सोडलं की लगेच मोकळं व्हायला हवं. लाडू वळला तर वाळू आणखी घाला.

कोकोपीट आपल्याकडे मला पटत नाही. एप्रिलमध्ये एकदा कडक वाळलं की वरून पाणी घेतच नाही, आणि पावसाळ्यात सोडतच नाही.

रेल्वेक्वार्टर, भुसावळ | १३ फेब्रुवारी

कुंडी पसरट घ्या, खोल नको. गड्ड्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन बोटं जागा राहील एवढीच. झाडाच्या मानाने फार मोठी कुंडी घेतली तर मुळं पोचत नाहीत ती माती ओलीच राहते. काळी प्लास्टिकची कुंडी आपल्या गच्चीवर घेऊ नये, मे महिन्यात पश्चिमेकडची मुळं आतल्या आत शिजतात. मातीची कुंडी उत्तम, आणि ती दोन विटांवर ठेवायची. स्लॅबची धग लागत नाही आणि खालचं भोकही मोकळं राहतं. बशी काढून टाका.

गिरणाथडी, जळगाव | २३ फेब्रुवारी

काल लावलं. १६ इंची पसरट मातीची कुंडी, आबांचं मिश्रण. वाळू धुतली तेव्हा पहिलं पाणी चहासारखं निघालं, तिसरं स्वच्छ. एक विचारायचं राहिलं. गड्डा पूर्वीइतकाच पुरू की थोडा वर ठेवू? फोटोंत लोकांचे गड्डे किती छान वर आलेले दिसतात.

पांझराकाठ, धुळे | २३ फेब्रुवारी

दर कुंडीबदलाला इंचभर वर घ्या, जास्त नाही. जो भाग १४ वर्षं मातीत होता त्याची साल कोवळी आहे, तिने ऊन पाहिलेलं नाही. मार्चचं ऊन लागलं तर भाजतो, पांढरा डाग पडतो आणि तिथूनच परत कुज शिरते. पहिले दोन महिने उघड्या भागाला सुती कापड गुंडाळा किंवा भोवती वाळूचा ढीग करून ठेवा, आणि हळूहळू उतरवा. ज्या बाजूला दक्षिण होती तीच बाजू दक्षिणेला राहू द्या.

पाणी सात-आठ दिवस अजिबात नाही. मग पहिलं पाणी सकाळी, भोकातून बाहेर येईपर्यंत. त्यानंतर अगरबत्तीची काडी तळापर्यंत खुपसून, कोरडी आली तरच.

जास्वंदी_पुणे | २४ फेब्रुवारी

फांद्या छाटायच्या का आत्ता?

सातपुडा_पायथा, शहादा | २४ फेब्रुवारी

हो, एक तृतीयांश. फूल नव्या शेंड्यावर येतं, म्हणून जितके शेंडे तितकी फुलं. काप तिरका द्यायचा, पाणी थांबत नाही. पण गिरणाथडी ताईंनी यंदा छाटू नये. चार मुळांवर उभं आहे ते, पानं येऊ देत आधी.

गिरणाथडी, जळगाव | १९ मार्च

आज सकाळी सर्वांत उंच फांदीच्या टोकाला तीळभर हिरवं दिसलं. आधी वाटलं किडा आहे, चष्मा आणून पाहिलं. पालवी! आईला व्हिडिओ कॉल केला आणि कुजीची सगळी हकिकत तेव्हा सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, माती मीच घातली होती ना शेतातली, चांगली म्हणून. मी तिला म्हटलं, त्याच मातीत १४ वर्षं जगवलंस तू.

केळीबाग, रावेर | २० मार्च

ताई, वाचून बरं वाटलं. माझ्या दोन्ही कुंड्या झाल्या. नवी पालवी आली म्हणजे आता पिठ्या ढेकूण येईल, कापूसवाल्यांना हा ओळखीचा आहे. पानाच्या बेचक्यात कापसाचा बारीक पुंजका दिसला की लगेच जुन्या ब्रशने स्पिरिट लावून पुसा. जास्त असेल तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल, चार थेंब साबणाचं पाणी, सूर्य मावळल्यावर फवारा. उन्हात फवारलं तर पानं करपतील. पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खालून जाळी दिसली तर लाल कोळी, त्याला पानांच्या पाठीमागून पाण्याचा जोरदार फवारा बास.

खत आत्ता नको. पानं पूर्ण वाढली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. कळीच्या वेळी ०:५२:३४ तेवढंच. केळीला ड्रिपमधून देतो तेच आहे, पण ते हातानं जपून द्या. युरिया अजिबात नाही, नुसती लांब पोकळ फांदी येते.

पांझराकाठ, धुळे | २० मार्च

दादांचं खताचं प्रमाण बरोबर आहे. खत नेहमी ओल्या मातीला, कोरड्या मुळांना कधीही नाही.

गिरणाथडी, जळगाव | आखाजीच्या दुसऱ्या दिवशी

आखाजीला माहेरी जायचं, पण यंदा उलटं केलं, आईलाच इकडे आणलं. गच्ची माझी एकाच जिन्याची आहे, दोघींनी धरून नेलं तिला. पारा ४३ ला होता. झाडाला हिरवी जाळी बांधलेली, आठ फांद्यांवर पानं, आणि एका शेंड्यावर तीन कळ्या. आई विटांवरच्या कुंडीजवळ स्टूल घेऊन बसली. गड्ड्यावरच्या कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं. तिथे आता टणक, राखाडी, खोलगट खपली आहे. मग मिश्रण हातात घेऊन बघितलं, विटांचे तुकडे निवडून पाहिले, आणि एवढंच म्हणाली, "माय वं!"

कळ्या आल्यात म्हणून ०:५२:३४ देऊ का, की यंदा नको?

पांझराकाठ, धुळे | दुसऱ्या दिवशी

यंदा नको. तीन कळ्या फुलू द्या, तेवढी ताकद आहे त्याच्यात. खोड भरू दे. जाळी मात्र मे संपेपर्यंत काढू नका.

गिरणाथडी, जळगाव | २८ जून

काल पहिला मोठा पाऊस झाला. मध्यरात्री उठून कुंडी पत्र्याच्या पडवीखाली सरकवली. सकाळी पाहिलं तर पानांवर लांब हिरवी अळी, डोक्यामागे निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके. एका रात्रीत दोन फांद्या साफ. ही कोण?

रेल्वेक्वार्टर, भुसावळ | २८ जून

कण्हेरीवर येते तीच. मोठा, हिरवट रंगाचा पतंग घालतो अंडी. चिमट्याने उचलून दूर सोडा, औषधाची गरज नाही. रोज सकाळी पानं उलटून बघा, एकच असली तरी खूप खाते. फांद्या परत फुटतील.

सातपुडा_पायथा, शहादा | २८ जून

पडवीखाली ठेवलंत ते छान, पण पूर्ण अंधारात नको. पूर्वेचं ऊन मिळेल अशी जागा बघा. जागा नसेल तर कुंडीच्या एका बाजूखाली अर्धी वीट घालून ती तिरकी करा. आणि झड लागली की चौथ्या-पाचव्या दिवशी अंगठ्याने गड्डा दाबून बघायचं विसरू नका, विशेषतः त्या खपलीच्या आसपास.

गिरणाथडी, जळगाव | १७ ऑगस्ट

पाच दिवस झड होती, आज उघडलं. काडी खुपसली, तळाशी किंचित ओल, वर कोरडं. गड्डा सगळीकडून दाबला. टणक. खपलीच्या कडेने दोन वेळा दाबला, तिथेही टणक.

आणि केळीबाग दादा, उत्तरेकडच्या फांदीवर एक शेंग धरली आहे, जोडीची, शिंगांसारखी. आई म्हणते बी तिला हवं. कधी काढायची?

केळीबाग, रावेर | १७ ऑगस्ट

हिरवी असताना काढू नका. तपकिरी होऊ लागली की दोन जागी दोऱ्याने सैल बांधून ठेवा. बियांच्या दोन्ही टोकांना कापसासारखे केस असतात, शेंग उकलली की वाऱ्यावर निघून जातात. आलं तर दोन दाणे माझ्यासाठीही ठेवा ताई.